सातबाऱ्यावर खराबा, श्रावणात बाग

नमस्कार मंडळी! वारा भन्नाट सुटलाय, आवाज फाटला तर सांभाळून घ्या. मी उभा आहे राजापूरजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या उघड्या पठारावर. पाय ठेवायला जागा शोधतोय, कारण सगळीकडे फुलं.

[कॅमेरा खाली, कातळावर]

ही निळी-जांभळी, नखाएवढी फुलं म्हणजे सीतेची आसवं. कातळावर माती बोटभर, तिच्यात पोषण जवळपास नाही. म्हणून ही वनस्पती पाण्यातले बारीक जीव पकडून खाते. हो, मांसाहारी. तेही ऐन श्रावणात! शेजारी पांढरे गेंद. दीपकाडी बघायची असेल तर मात्र पावसाच्या सुरुवातीलाच यायला हवं.

आता हा कागद बघा. आमचा सातबारा. या जागेला त्यावर शब्द आहे ‘पोटखराबा’. लागवडीला अयोग्य. महसुलाच्या लेखी इथे काहीच नाही! खराबा म्हटलं की मातीमोल भाव, मग बांधकामाचे चिरे काढायला खाण, नाहीतर जेसीबी फिरवून, बाहेरची माती ओतून आंब्याची कलमं. कलमं लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, माझं शिक्षण हापूसवरच झालंय. पण सड्याचा हा जांभा दगड सच्छिद्र असतो. इथे मुरलेलं पाणीच खालच्या वाडीतल्या विहिरींना आणि पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळतं. त्याचा रकाना सातबाऱ्यावर कुठाय?

कायदा आहे बरं का. जैवविविधता कायदा, 2002. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, आणि गावातल्या झाडाझुडपांची, जनावरांची लोक जैवविविधता नोंदवही हवी. राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायालयाने, त्यासाठी 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली, पुढे राज्यांना महिन्याला 10 लाखांचा दंड. दंडाच्या धाकाने भरलेली वही कशी असते, हे गृहपाठ केलेल्या कुणालाही सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच, की समुद्रात जमलं ते सड्यावर जमवा. 2018 पासून राज्यात योजना आहे: जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर 25 हजारांपर्यंत भरपाई. म्हणजे जीव वाचवणाऱ्याच्या खिशाला चाट बसू नये, हे सरकारला मान्य आहे. मग सडा न फोडणाऱ्याला का नाही?

तरतूदही तयार आहे. याच जैवविविधता कायद्याच्या कलम 37 खाली एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ होऊ शकते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळची जागा ‘देवाचा मासा’ म्हणतात त्या माशासाठी 2021 मध्ये झालीच की. ‘वारसा’ म्हटलं की आपल्याकडे पहिली भीती, जमीन गेली! पण त्याच कलमात लिहिलंय की अशा घोषणेने ज्यांचं आर्थिक नुकसान होईल, त्यांच्यासाठी राज्याने भरपाईची योजना करायची. त्यासाठी अर्थसंकल्पात पैसे ठेवा, समित्यांना दरवर्षी ठरलेला निधी द्या, आणि तो ‘खराबा’ शब्द तेवढा बदला.

15 ऑगस्टला ग्रामसभा असते. झेंडावंदनानंतर चहा घेऊन पळू नका. उठून विचारा, आपल्या गावाची नोंदवही कुठे आहे, आणि तिच्यात आपला सडा आहे का? नसेल तर समितीला तिथूनच सड्यावर घेऊन या. फुलं तेव्हा भरातच असतात. चपला मात्र कडेला काढायला सांगा.