ते प्रश्नात नाय विचारलेलं, सर

परभणी जिल्ह्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा, मधली सुट्टी आत्ताच संपलीय, आणि ही पाचवीतली पोरगी मराठीचं पुस्तक उघडून बसलीय. पण नीट बघा, ती धडा वाचतच नाहीये. तिनं आधी स्वाध्यायाचं पान काढलं, पहिला प्रश्न बघितला, धड्यात ती ओळ हुडकली, पेन्सिलीनं खूण केली आणि वहीत उतरवली. मग दुसरा प्रश्न. कोण कोणास म्हणाले, जोड्या लावा, रिकाम्या जागा... झाला अभ्यास. धड्यातल्या म्हातारीचं पुढं काय झालं गं, असं विचारलं तर म्हणते, "ते प्रश्नात नाय विचारलेलं, सर."

आता यात लेकराची काय चूक? जे मागितलं ते दिलं तिनं. धडा म्हटल्यावर स्वाध्याय असणार, परीक्षा असणार, त्याला कुणाचा विरोध नाही. पण हाच स्वाध्याय गोष्टीच्या पुस्तकांच्या पण मागं लागतो ना, तिथं खरी गडबड होते. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तकं वाचा आणि लिहून आणा, लेखकाचं नाव, सारांश, आवडलेलं पात्र, मिळालेला बोध. बोध तर पाहिजेच! मग थोरली ताई मोबाईलवरून उतरवून देते आणि अर्ध्या वर्गाच्या वह्यांत एकच बोध निघतो.

आवडीच्या गोष्टीला असं बाहेरून काही जोडलं की काय होतं, ते बघा. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला. त्यांनी बालवाडीतली लेकरं घेतली, ती पण मुळातच चित्रं काढायची आवड असलेली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं की सर्टिफिकेट भेटणार, आणि दिलं पण. पुढं एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन वर्गात मोकळे ठेवले तर ही लेकरं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढायली. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं होतं, त्यांचं मात्र काहीच बिघडलं नव्हतं.

आपल्याकडं २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, कलाम साहेबांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. चांगलंय. पण बऱ्याच ठिकाणी पुस्तकं टेबलावर मांडायची, लेकरांच्या हातात द्यायची, फोटो ग्रुपवर टाकायचा आन पुस्तकं परत कपाटात. कपाटाला कुलूप कामून, तर पुस्तक हरवलं की रजिस्टरला मेळ लागत नाही, आणि जबाबदारी हेडसरांची. त्यांचंही खरंच आहे.

याच शाळेतल्या एका सरांनी शनिवारी ते कुलूप काढायला सुरुवात केली. 'किशोर'चे जुने अंक, भुतांच्या गोष्टी, ज्याला जे पाहिजे ते घरी न्या, अर्धं वाचून सोडलं तरी चालतंय, लिहायचं काहीच नाही. पहिल्यांदा लेकरं विचारायचीच, "सर, कितव्या पानापर्यंत?" आता आपसात भांडतात, भुताचं पुस्तक आधी कुणाचं. एक पुस्तक मात्र शेळीनं खाल्लंय, ते रजिस्टरला कसं दाखवायचं ते सर अजून बघायलेत.