आईकडून लेकीकडे येणारी जमीन

(दृश्य: उथळ निळं खारकच्छ. भोवती नारळांनी भरलेल्या चिंचोळ्या बेटांचं कडं.)

पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल या मोठ्या बेटापासून दूर, भर समुद्रात ही कार्टरेट बेटं. प्रवाळावर साचलेली वाळू, एवढीच इथली जमीन. सगळ्यात उंच जागाही समुद्रापासून जेमतेम दीड मीटर वर. ही जमीन बापाकडून मुलाला मिळत नाही, आईकडून लेकीला मिळते. म्हणून घर कुठे बांधायचं, बाग कुणी लावायची, हे ठरवताना बाईच्या शब्दाला वजन असतं.

(दृश्य: बेटाच्या मधला खोलगट भाग. चिखल. पिवळी पडलेली मोठाली पानं.)

हे दलदलीतलं अळू. आपल्या अळूच्याच कुळातलं, पण दांडे पुरुषभर उंच. त्याचे कंद हे इथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आणि ही बाग बायकांनी राखलेली. वाळूखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. त्या पातळ थरावर हे पीक जगतं. मोठ्या भरतीच्या लाटा बेटावरून गेल्या की खारं पाणी त्या थरात उतरतं आणि कंद चिखलातच सडतात. कोकणात परसात दिसतो तो नीरफणस इथेही होतो, त्यालाही खारं पाणी सोसत नाही. मग उरतात मासे, नारळ आणि बोगनव्हिलजवळच्या बुका शहरातून बोटीनं येणारा तांदूळ. बोट लांबली की चुलीवर काय चढवायचं, हा प्रश्न पुन्हा त्याच बाईपुढे.

समुद्र असा आत येतो, त्यामागे इथली जमीन भूगर्भातल्या हालचालींमुळे खचणं हेही एक कारण असावं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि ते सांगायलाच हवं. पण पॅसिफिकच्या या पश्चिम भागात १९९३पासून समुद्र जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास दुप्पट वेगानं चढला, हेही तितकंच खरं.

उर्सुला राकोवा इथल्याच. त्यांचं हुएने बेट समुद्रानं मधोमध कापलं, एकाची दोन बेटं झाली. सरकारची वाट पाहून थकलेल्या वडीलधाऱ्यांनी २००६मध्ये स्थलांतराचं काम त्यांच्यावर सोपवलं. राकोवांनी ‘तुलेले पेइसा’ ही संस्था उभी केली. बोगनव्हिलवर टिनपुट्स इथे कॅथलिक चर्चनं जमीन दिली. २००९मध्ये आधी काही पुरुष घरं बांधायला गेले, मागून कुटुंबं. आज तिथे कोको पिकतो.

पोटापाण्याची सोय झाली, पण हक्काचं काय? बोगनव्हिलच्या बहुतेक भागांतही जमीन आईच्या कुळातूनच चालते. म्हणजे यजमान गावातल्या बाईला तिच्या आजीची जमीन आहे. कार्टरेटहून आलेल्या बाईला मात्र मिळालेली जमीन आहे, वारशाची नाही. मदतीच्या याद्यांत घरं, पोती, पाण्याच्या टाक्या मोजल्या जातात. हा फरक मोजायला त्यांत रकानाच नसतो.

आणि निर्णय जिथे होतात तिथे बायका किती? २०१७च्या निवडणुकीत पापुआ न्यू गिनीच्या १११ जणांच्या संसदेत एकही बाई निवडून आली नाही. २०२२मध्ये दोघी आल्या. नव्या जमिनीचा करार लिहिताना लेकीचा वारसा त्यात शब्दांत यायला हवा, आणि लिहिणाऱ्यांत या बायका हव्यात. बोगनव्हिल हा स्वायत्त प्रदेश आहे, त्याच्या स्वतःच्या विधिमंडळात बायकांसाठी ३ जागा राखीव आहेत. ही मागणी आधी तिथे मांडता येईल.