चार ठिकाणची माहिती

(दृश्य: राखाडी दगडांची नॉरिस हॉलची इमारत. समोरून जाणारे विद्यार्थी.)

अमेरिकेतलं ब्लॅक्सबर्ग. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचं गाव. १६ एप्रिल २००७, सोमवार. इथल्याच एका विद्यार्थ्याने सकाळी आधी वसतिगृहात आणि मग या इमारतीत गोळ्या झाडल्या. ३२ जण गेले. त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगीही होती. शेवटी त्याने स्वतःलाही संपवलं.

त्याचं नाव आपण घेणार नाही. जगाने ते पुरेसं घेतलंय. आपण जाऊ दीड वर्ष मागे.

(दृश्य: रिकामा वर्ग. बाकावर काळा गॉगल.)

२००५. वर्गात तो टोपी आणि गॉगल घालून बसायचा. बोलणं जवळजवळ नाहीच, आणि लिखाण असं की बाकीची मुलं धास्तावली. इंग्रजी विभागाच्या प्रमुख लुसिंडा रॉय यांनी त्याला वर्गातून काढून स्वतः एकट्याला शिकवायला घेतलं, वरही कळवलं. डिसेंबरमध्ये एका मुलीने त्याच्या मेसेजची तक्रार केली. पोलिसांनी समज दिली. त्यावर त्याने वसतिगृहात सोबत राहणाऱ्या एका मुलाला कळवलं, ‘यापेक्षा मेलेलं बरं.’ रात्र रुग्णालयात गेली. दुसऱ्या दिवशी न्यायाधिकाऱ्याचा आदेश: उपचार घे. तो विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात एकदा जाऊन आला. नंतर का आला नाही, हे कुणी विचारलं नाही.

म्हणजे लिखाण इंग्रजी विभागाला ठाऊक, तक्रार पोलिसांना, आदेश न्यायालयाला, भेट केंद्राला. ही चारही माहिती एकत्र मांडून कुणी पाहिलीच नाही. कायद्याने विद्यार्थ्याची माहिती बाहेर देता येत नाही, असा अनेकांचा समज होता. तो बराचसा चुकीचा होता.

खरं तर हे आधीच सांगून झालं होतं. शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास करून अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या यंत्रणेने, २००२ मध्ये अहवाल दिला होता. ‘हल्लेखोर असाच असतो’ असा साचा त्यांना सापडला नाही. बहुतेक हल्ल्यांआधी कुणाला तरी, बहुधा बरोबरीच्या मुलांना, कुणकुण लागलेली होती. आणि ज्याच्यावर हल्ला करायचा त्याला उघड धमकी देणारे थोडेच होते.

म्हणूनच असा धोका आधीच ओळखण्याच्या कामात शब्दांपेक्षा हालचालींवर डोळा ठेवतात. आपल्याकडे आईसुद्धा दिवसातून दोनदा ‘जीव घेईन हं तुझा’ म्हणते. रागाच्या भरात एखादा मुलगा तेच म्हणाला आणि नंतर शांत होऊन माफी मागून मोकळा झाला, तर ते प्रकरण तिथेच मिटतं. पण त्याने कुणाची वेळ, जायचा-यायचा रस्ता विचारला असेल, शस्त्र शोधलं असेल, तर मुख्याध्यापक, समुपदेशक आणि पोलीस एकत्र बसतात. शिक्षकांना, मित्रांना, घरच्यांना विचारतात. त्याला झालंय काय, हेही विचारतात. शाळेतून नाव काढलं की प्रश्न सुटला, असं मानणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं; काढलेल्या मुलावर मग लक्ष कोण ठेवणार?

(दृश्य: व्हर्जिनियातली शाळा. बैठकीची खोली.)

व्हर्जिनियाने २००८ मध्ये सरकारी विद्यापीठांना असा धोका एकत्र बसून तपासणारी पथकं बंधनकारक केली, २०१३ मध्ये सरकारी शाळांनाही.

(दृश्य: कागदांची फाइल.)

व्हर्जिनिया टेकच्या समुपदेशन केंद्रातली त्या हल्लेखोराची कागदपत्रं बराच काळ सापडत नव्हती. २००९ मध्ये ती मिळाली, केंद्राच्या माजी संचालकांच्या घरी. डिसेंबर २००५ च्या त्या भेटीची नोंद त्यात आहे. मरण्याची भाषा का केलीस, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, ते गमतीत म्हटलं होतं.