टँकरची वही

(माहितीपट. पत्र्याची पेटी उघडते.)

बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरातली ही वस्ती. पेटी आजीची. वर तिची लुगडी, तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड, सातबारा, लेकाचा शाळा सोडल्याचा दाखला. नातू दहावीत आहे. त्याला छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा, म्हणजे एसपीआयचा, फॉर्म भरायचाय.

लष्करातल्या अधिकाऱ्यांमध्ये महाराष्ट्राची मुलं वाढावीत म्हणून राज्य सरकारनं १९७७ मध्ये ही संस्था काढली, आणि काढली ती मराठवाड्यात. अकरावी-बारावी करता करता एनडीएची, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करून घेतात. बहुतेक खर्च सरकार करतं. म्हणजे बापाला ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची जादा उचल घ्यायची पाळी येत नाही. हे आमच्या वस्त्यांवर अजून पुरेसं पोचलेलं नाही.

(सेवा केंद्राबाहेरची रांग.)

फॉर्म भरण्याआधी कागद. अधिवास प्रमाणपत्रासाठी वडिलांचे पुरावे लागतात, आणि वडील दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्यावर जातात. म्हणून हे काम दसऱ्याच्या आतच उरकायला हवं. या मुलाच्या आधारवर वडिलांचं नाव ‘बाबासाहेब’ आणि शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘बाबा’. एवढ्या तीन अक्षरांच्या फरकापायी चार खेपा झाल्या. जन्मतारखेचंही तसंच. पुढं एनडीएची परीक्षा घेणारी यूपीएससी दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच तारीख धरते. चूक असेल तर बोर्डाचा फॉर्म जायच्या आधी शाळेत जाऊन दुरुस्त करून घ्या.

(लिंबाचा पार. माजी सुभेदार आणि सहा मुलं.)

पळणं, दंडबैठका रोज पहाटे होतात. पण सुभेदार काकांचा खरा तास हा, पारावरचा. एनडीएला लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखतही ९०० गुणांची. त्या मुलाखतीआधी उमेदवाराला आपली माहिती एका फॉर्मवर लिहून द्यावी लागते: घर, शिक्षण, छंद, खेळ, पार पाडलेल्या जबाबदाऱ्या. मुलाखत घेणारे साहेब तोच कागद समोर ठेवून बसतात. काका हा फॉर्म मुलांकडून आत्ताच कच्चा लिहून घेतात. एसपीआयच्या मुलाखतीलाही याचाच उपयोग होतो.

मुलानं लिहिलंय, वडिलांचा व्यवसाय: शेती. छंद: क्रिकेट, वाचन.

“शेती किती रे?”

“दीड एकर.”

“तेवढ्यात वरीस निघतं?”

“न्हाई. ऊसतोडीला जातेत.”

“मग ते लिव्ह की. त्यात कसली लाज? आता सांग, कोणतं पुस्तक वाचलंस एवढ्यात?”

मुलगा खाली बघतो. काका ‘वाचन’वर रेघ ओढतात.

जबाबदारीचा रकाना कोराच आहे. आम्ही चित्रीकरणासाठी वस्तीवर आठ दिवस होतो. पहाटे शेळ्या सोडणं, बहिणीची वेणी घालून तिला शाळेत पोचवणं, आजीच्या गोळ्या, हे सगळं याच्या अंगावर. आणि रकाना कोरा! मराठवाड्यातली किती पोरं असाच कोरा रकाना ठेवून उठत असतील.

(शंभर पानी वही, अगदी जवळून.)

ही वही काकांनी त्याच्या दप्तरातून काढायला लावली. गेल्या उन्हाळ्यात टँकर आला की वस्तीवर भांडणं व्हायची. यानं बावीस घरांची नावं लिहिली, घरात माणसं किती, ड्रम किती, आज पहिला नंबर कुणाचा, काल कुणाचा होता. प्रत्येक ड्रमाला एक उभी रेघ. काही पानांवर ओल्या बोटांचे डाग आहेत. एका नावाभोवती पेन्सिलीनं गोल केलाय. आम्ही कॅमेरा या पानावर मुद्दाम जास्त वेळ ठेवलाय.

रकान्यात आता दोन ओळी आहेत: ‘उन्हाळ्यात वस्तीच्या पाणीवाटपाची नोंद ठेवली. भांडणं कमी झाली.’ मुलानं आधी ‘बंद झाली’ लिहिलं होतं. काकांनी विचारलं, खरंच बंद झाली? त्यानं स्वतःच खोडलं.

वाढवून लिहिलेलं एसएसबीत टिकत नाही. तिथं माणूस मनसा, वाचा, कर्मणा पाहतात. मनाचा अंदाज मानसशास्त्रज्ञ घेतो, बोलणं मुलाखतीत ऐकतात, करणं मैदानावर दिसतं. तिघंही एकाच मुलाला वेगवेगळं तपासतात.

(दारात उभी बहीण.)

ही सातवीत आहे. तिला कागदांतलं सगळं पाठ झालंय. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ पासून नाशिकला आहे, आणि एनडीएत मुली २०२२ पासून जातात. हे तिला आम्ही नाही, काकांनी सांगितलं.

एसपीआयची लेखी परीक्षा झाली, मुलगा पास झाला, मुलाखतीला गेला. आत कॅमेरा नेता येत नाही. बाहेर आल्यावर त्यानं एवढंच सांगितलं: साहेबांनी विचारलं, पाणी कमी आलं तर पहिला ड्रम कुणाला? तो म्हणाला, गोल केलेल्या घराला. तिथं बाळंतीण होती.

निवड यादी लागायची आहे. टँकर सुरू झालाय. वही आता बहिणीकडं असते.