समुद्राकडे जाणारी वाट : बार्बाडोसमधलं पर्यटन आणि रोजचं जगणं

नमस्कार.

२९ जून २०२४ च्या रात्री तुमच्यापैकी कितीजण जागे होते, हे विचारायची गरजच नाही. बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाऊन, तिथल्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, रोहित शर्माने खेळपट्टीची चिमूटभर माती तोंडात टाकली, आणि बार्बाडोस हे नाव आपल्या घराघरात पोचलं. लगेच पुढची बातमी आली : बेरिल चक्रीवादळामुळे विमानतळ बंद, आपला संघ हॉटेलात अडकलेला. पोरं परत कधी येणार, एवढीच आपल्याला काळजी. त्याच वादळाच्या लाटांनी ब्रिजटाऊनच्या मासेमारी बंदरातल्या होड्या एकमेकींवर आपटून फोडल्या. किती कुटुंबांची रोजीरोटी त्या एका दिवसात पाण्यात गेली, हे आपल्या टीव्हीवर फारसं कुणी सांगितलं नाही. कॅमेरा हॉटेलात होता. आणि या बेटाकडे बाहेरचं जग गेली साठ-सत्तर वर्षं हॉटेलातूनच बघत आलं आहे. मला आज तुम्हाला हॉटेलच्या भिंतीबाहेर न्यायचं आहे, विशेषतः १९५० ते १९८० या काळातल्या बार्बाडोसमध्ये.

बेट अगदी लहान. ४३१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही कमी. साठच्या दशकात लोकवस्ती अडीच लाखांच्या आत. १६२७ साली इंग्रजांनी इथे वसाहत केली ती थेट ३० नोव्हेंबर १९६६ ला स्वातंत्र्य मिळेपर्यंत, मध्ये एकदाही बेट दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं नाही. कॅरिबियनमधली बहुतेक बेटं फ्रेंच, स्पॅनिश, डच, इंग्रज अशी हातोहात फिरली. हे फिरलं नाही. या सलग साडेतीन शतकांतला बहुतेक काळ तिथे मुख्य पीक एकच, ऊस. आणि तो पिकवणारे हात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, प्रत्यक्षात सुटका व्हायला १८३८ उजाडलं. सुटका झाली, पण जमीन मिळाली नाही. सगळी जमीन मळेवाल्यांची. मग माणसांनी राहायचं कुठे? मळ्याच्याच कडेला, जिथे ऊस धड येत नाही अशा खडकाळ तुकड्यावर. या वस्तीला तिथे टेनंट्री म्हणतात. जमीन भाड्याची, घर आपलं. मळ्यावर काम करायचं, तर तिथे राहायचं. काम सुटलं की जागाही सुटली.

आता अशा माणसाने घर कसं बांधावं? इथे मी जरा थांबणार आहे, कारण त्या घरात बेटाचा सगळा इतिहास आहे. त्याला चॅटल हाऊस म्हणतात. चॅटल म्हणजे जंगम मालमत्ता. आपल्याकडे खरेदीखतात स्थावर आणि जंगम हे दोन शब्द येतात आणि घर हे नेहमी स्थावर. तिथे घर जंगम होतं! पाइनच्या फळ्या बाहेरून जहाजाने यायच्या, त्या ज्या लांबीच्या येत त्याच लांबीचं घर, म्हणजे फळी कापून वाया जायला नको. समोरून पाहिलं तर मधोमध दार, दोन्हीकडे एकेक खिडकी, खिडकीला आडव्या पट्ट्यांची झडप, वर उतरतं छप्पर. आणि सगळं घर जमिनीत न गाडता नुसत्या दगडांच्या रचलेल्या ठोकळ्यांवर ठेवलेलं. पाया नाही. सांधे असे की ठोकून उघडता यावेत. मालकाने जागा सोड म्हटलं की शेजारीपाजारी जमायचे, भिंती एकेक करून उतरवायच्या, गाडीवर रचायच्या, आणि संध्याकाळपर्यंत घर दुसऱ्या टेनंट्रीत उभं. पैसे साठले की मागच्या बाजूला अजून एक खण जोडायचा. म्हणून घराला खण किती आहेत ते बाजूने मोजलं की त्या कुटुंबाची वाटचाल कळते.

२२ सप्टेंबर १९५५ ला जॅनेट नावाचं वादळ आलं. बार्बाडोसमध्ये ३५ माणसं गेली आणि अशी हजारो घरं कोसळली. दगडावर नुसतं ठेवलेलं घर वाऱ्यापुढे किती टिकणार?

आणि वर्षभरातच, १९५६ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. मला त्या एकत्रच सांगाव्याशा वाटतात. त्या वर्षी बेटाच्या सरकारने हॉटेलांना सवलती देणारा कायदा केला : बांधकामाचं सामान बिनजकात आणा, करात सूट घ्या, पण हॉटेलं उभी करा. आणि त्याच वर्षी लंडनच्या बस आणि रेल्वे चालवणाऱ्या लंडन ट्रान्सपोर्टने बार्बाडोसमध्ये येऊन कंडक्टर, हमाल, स्टेशनवरची माणसं अशी भरती सुरू केली. जायच्या तिकिटासाठी बेटाच्या सरकारने कर्ज दिलं, ते पगारातून फेडायचं. म्हणजे एका दारातून इंग्लंडची माणसं उन्हासाठी येणार होती, आणि दुसऱ्या दारातून बेटाची तरुण मुलं इंग्लंडच्या थंडीत तिकिटं फाडायला निघाली होती. घरोघरी आजीजवळ नातवंडं राहिली. लंडनहून पोस्टल ऑर्डर यायची, नाताळात कपड्यांची पेटी यायची. बेटावरच्या एका अख्ख्या पिढीचं बालपण त्या पेटीची वाट बघण्यात गेलं आहे.

पाहुणे तिथे पूर्वीही येत. १७५१ साली एकोणीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या क्षयाने आजारी सावत्र भावाला घेऊन हवापालटासाठी इथे आला होता. पण ते मूठभर, आणि पैसेवाले. पन्नासच्या दशकाच्या मध्यात वर्षाला वीस हजारही पर्यटक येत नसत. १९७० साली दीड लाखाच्या वर गेले, आणि १९८० साली साडेतीन लाखांच्या पलीकडे. बेटावर जितकी माणसं राहतात त्याहून कितीतरी जास्त माणसं दरवर्षी ये-जा करू लागली. जेट विमानं आली हे त्याचं मोठं कारण. १९६१ साली ब्रिजटाऊनला खोल पाण्याचं बंदर झालं, त्यामुळे मोठी प्रवासी जहाजं थेट धक्क्याला लागू लागली. त्याआधी जहाज कार्लाइलच्या उपसागरात उभं राहायचं आणि माणसं, साखर, सगळं लहान होड्यांतून न्यावं लागायचं. त्या होड्या वल्हवणाऱ्यांचं काम संपलं. विकासाच्या हिशेबात ही माणसं कुठे लिहिली गेली असतील असं मला वाटत नाही.

तर हॉटेलं कुठे उभी राहिली? पश्चिम किनाऱ्यावर, जिथे समुद्र शांत आहे. आणि ही जमीन मळेवाल्यांच्या लेखी कमी किमतीची होती! रेताड, ऊस न येणारी. तिथे कोळी राहत, गरीब राहत. किनाऱ्याला मँचिनील नावाचं झाड फार. हिरव्या सफरचंदासारखं फळ, पण विषारी. पाऊस आला म्हणून झाडाखाली उभं राहिलात, तर पानावरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड उठतात. बेटावरच्या मुलाला चालायला लागल्यापासून हे झाड ओळखायला शिकवतात. पर्यटकांसाठी मात्र खोडांवर लाल पट्टे रंगवावे लागले, पाट्या लावाव्या लागल्या. मला ते लाल पट्टे फार बोलके वाटतात. जागा तीच, पण आता ती ओळखणारी माणसं तिथे राहत नव्हती.

१९६१ मध्ये त्या किनाऱ्यावर सँडी लेन हे हॉटेल उघडलं, रोनाल्ड ट्री या ब्रिटिश पार्लमेंटच्या माजी सदस्याने बांधलेलं. प्रवाळाच्या दगडाचं, अतिशय देखणं. मागोमाग इतर आली, आणि जमिनीचे भाव असे चढले की कोळ्याच्या मुलाला बापाच्या घराशेजारी घर बांधणं अशक्य झालं.

तेव्हा टेनंट्रीत दिवस कसा उजाडायचा? नळावर. सार्वजनिक नळ रस्त्याच्या कडेला, पाणी फुकट. १८५४ च्या कॉलऱ्यात या बेटावर सुमारे वीस हजार माणसं मेली, तेव्हापासून स्वच्छ पाण्याचं मोल सगळ्यांना ठाऊक. बायका-मुली डोक्यावर बादली घेऊन जात. नळावर बातम्या कळत, भांडणं होत, लग्नं जमत. हे तुम्हाला मी वेगळं समजावून सांगायला नको. पुरुष ऊसतोडीला, नाहीतर बंदरावर. डोक्यावर डबा घेतलेली बाई मॉबी विकत फिरायची. मॉबी म्हणजे एका झाडाची साल उकळून, मसाले घालून केलेलं कडवट-गोड पेय. शनिवारी पुडिंग आणि साउस, म्हणजे रताळ्याचं पुडिंग आणि लिंबात मुरवलेलं डुकराचं मांस. आणि राष्ट्रीय जेवण म्हणाल तर कुकू आणि उडणारा मासा.

कुकू म्हणजे मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात शिजवायचं. आपण उकड घाटतो तसं सतत घाटावं लागतं, गुठळी होता कामा नये. त्यासाठी एक चपटी लाकडी काठी असते, लहान क्रिकेटच्या बॅटसारखी दिसणारी. मासा साफ करणं हे त्याहून अवघड. ऑयस्टिन्सच्या मासळीबाजारात बायका बसलेल्या असतात, हातात पातळ सुरी. पाठीचा काटा सोडवायचा, पंखांच्या मुळाशी असलेले बारीक काटे काढायचे, आणि तरी दोन्ही बाजू एकमेकींना जोडलेल्या राहिल्या पाहिजेत, फुलपाखरासारख्या. एकेका माशाला जेमतेम काही क्षण लागतात. हे कसब आईकडून मुलीकडे आलेलं. या माशाचा हंगाम डिसेंबर ते जून, आणि पर्यटकांचा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. त्यामुळे हॉटेलांनी माशाचा भाव वाढवला. कोळ्याला चार पैसे जास्त मिळाले हे खरं, पण टेनंट्रीतल्या ताटातला मासा महाग झाला हेही खरं.

हॉटेलातल्या नोकरीबद्दल तिथे दोन मतं होती. ऊस तोडण्यापेक्षा सावलीतलं काम, स्वच्छ गणवेश, पगार, वर बक्षिशी. पण एप्रिल संपला की बऱ्याच माणसांना घरी बसवलं जाई. आणि मनात खोल एक सल होता. ज्यांचे पणजोबा मळेवाल्याच्या घरात उभं राहून जेवण वाढत होते, त्यांच्या पोरांनी पुन्हा गोऱ्या माणसासमोर ट्रे घेऊन उभं राहायचं? ही भावना ज्यांना कळत नाही, ते "सेवाक्षेत्र" हा शब्द फार सहज वापरतात. १९६२ साली एरल बॅरो यांच्या सरकारने माध्यमिक शिक्षण फुकट केलं. मला त्यामागे हाच विचार दिसतो की ट्रे घेणं हा एकच रस्ता उरू नये. माझ्या मते त्या बेटावर झालेला सगळ्यात मोठा निर्णय तो.

एक भारतीय धागा सांगतो, क्रिकेटपलीकडचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमधून एखाददुसरा, आणि १९२९ पासून सुरत जिल्ह्यातल्या गावांमधून मुसलमान फेरीवाले बार्बाडोसला गेले. सूटकेसमध्ये कापड भरायचं आणि टेनंट्री-टेनंट्रीत पायी फिरायचं. ब्रिजटाऊनच्या मोठ्या दुकानात उधार न मिळणाऱ्या बाईला हा माणूस दारात येऊन कापड द्यायचा आणि आठवड्याला थोडे थोडे पैसे घ्यायचा. पुढे त्यांची मुलं स्वान स्ट्रीटवर दुकानदार झाली. पर्यटकांच्या पुस्तिकेत तुम्हाला त्यांचं नाव मिळणार नाही. टेनंट्रीतल्या जुन्या बायांना मात्र कोणाच्या वडिलांनी लग्नाचं कापड उधार दिलं होतं ते अजून आठवतं.

क्रिकेटही त्याच बेटाचं. १९६२ मध्ये ब्रिजटाऊनलाच आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला आणि प्रतिस्पर्धी संघाच्या फ्रँक वॉरेलने त्यांना रक्त दिलं. १९७१ मध्ये त्याच मैदानावर दिलीप सरदेसाईंनी १५० आणि सुनील गावस्करांनी नाबाद ११७ केल्या. स्टँडमध्ये तेव्हा बसलेले कित्येक लोक टेनंट्रीतूनच आलेले असणार.

आता किनाऱ्याचा प्रश्न. बार्बाडोसमध्ये सगळे किनारे सार्वजनिक आहेत. कुठल्याही हॉटेलला वाळू मालकीची नाही. पण वाळूपर्यंत जाणारी वाट कोणाच्या अंगणातून जाते? हॉटेलांच्या भिंती एकमेकींना लागत गेल्या, वाटा बुजल्या, पहारेकरी उभे राहिले. गळ्यात शंखांच्या माळा घेऊन विकायला आलेल्या पोराला हटकलं जाऊ लागलं. "समुद्राकडच्या खिडक्या" असा शब्दप्रयोग तिथे आहे. म्हणजे रस्त्यावरून चालताना मध्ये जिथे इमारत नाही आणि समुद्र दिसतो अशी मोकळी जागा. अशी एखादी खिडकी बंद होणार असं कळलं की आजही वाद पेटतो. १९८२ साली किनारे हॉटेलवाल्यांच्या हाती देण्याच्या कल्पनेविरुद्ध एका स्थानिक कॅलिप्सो गायकाने (कॅलिप्सो म्हणजे चालू घडामोडींवर टोमणे मारणारं तिकडचं लोकगीत) गाणं रचलं आणि अख्खं बेट ते गात होतं.

त्याआधी दोन वर्षं, १९८० मध्ये, टेनंट्रीचा कायदा झाला. ज्या तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या भाडं भरलं, तो तुकडा चौरस फुटाला दहा सेंट या दराने विकत घ्यायचा हक्क भाडेकरूंना मिळाला. जंगम घर स्थावर झालं. लोकांनी दगडांचे ठोकळे काढले, पाया घातला, लाकडाच्या जागी सिमेंटच्या भिंती आल्या. आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या होलटाऊनला पर्यटकांसाठी चॅटल हाऊसच्या नमुन्याची रंगीत दुकानं बांधली गेली, गुलाबी, पिवळी, निळी. त्यांत टी-शर्ट मिळतात.

शेवटचं एक चित्र सांगून थांबतो. बार्बाडोसची माणसं समुद्रस्नानाला पहाटे जातात. विशेष करून रविवारी, आणि विशेष करून म्हातारी माणसं. हॉटेलच्या भिंतीला लागून एक अरुंद बोळ असतो, दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत इतका. साडेपाचच्या सुमाराला आजी पुढे, खांद्यावर टॉवेल, मागे नातू. हॉटेलच्या खुर्च्या अजून मिटलेल्या असतात. आजी छातीभर पाण्यात जाऊन उभी राहते. पोहत नाही, नुसती उभी राहते, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईशी गुडघेदुखीबद्दल, चर्चबद्दल, लंडनला असलेल्या मुलीबद्दल बोलते. तासभर. सात वाजता हॉटेलची माणसं खुर्च्या मांडायला येतात, तेव्हा ती पाण्यातूनच त्यांना नावाने हाक मारते, कारण त्यातला एक तिच्याच शेजारच्या घरातला असतो.