भरलेल्या वाटीशेजारी तहानलेला

विषय जाहीर झालाय ‘शॅमेलिऑनचं घर आणि खाणं’, म्हणजे रंग बदलणाऱ्या पाळीव सरड्याचं. दोन्हींवर बोलणार आहे, पण आधी मला पाण्यावर बोलू द्या. आत्ताच बाहेर एका ताईंनी मोबाइलवर त्यांच्या शॅमेलिऑनचा फोटो दाखवला. त्यात पिंजऱ्याच्या तळाशी पाण्याची वाटी होती. ती वाटी बघितली आणि मला माझा पहिला शॅमेलिऑन आठवला.

तो येमेनी जातीचा होता, डोक्यावर उंच तुरा असलेला. विकणाऱ्याने सोबत काचेची पेटी दिली, एक वाटी दिली आणि सांगितलं, “रोज पाणी बदला, बस.” मी रोज बदलत होतो. वाटी घासायची, ताजं पाणी भरायचं, जागेवर ठेवायची. हा फांदीवर बसून एक डोळा वाटीकडे, दुसरा छताकडे फिरवत राहायचा. दुसऱ्या आठवड्यात ते डोळे खोल गेले. निरोगी शॅमेलिऑनचा डोळा कसा गरगरीत, बाहेर आलेला असतो! त्याच्या विष्ठेबरोबर खडूसारखा पांढरा भाग पडतो, ती त्याची लघवी. ती आता नारिंगी पडायला लागली. मला वाटलं, खाण्यातलं काहीतरी असेल.

एका संध्याकाळी शेजारच्या कुंडीवर पाणी फवारत होतो. चार थेंब पेटीच्या जाळीच्या झाकणातून आत पडले. एक पानाच्या टोकाशी लोंबत राहिला. हा वरच्या फांदीवरून निघाला. यांची चाल तुम्हाला माहीत आहे, एक पाऊल पुढे, मग जागच्या जागी झुलणं, मग दुसरं पाऊल. तसा पोचला आणि थेंबाला तोंड लावलं. मग दुसऱ्या थेंबाला. मी फवारत राहिलो, तो पीत राहिला. वीस मिनिटं! खाली वाटी काठोकाठ भरलेली होती.

झाडावर जन्म काढणारा हा प्राणी. पाणी त्याला भेटतं ते दवाचं नाहीतर पावसाचं, पानावर चमकणारं, ओघळणारं. वाटीतलं निश्चल पाणी बहुतेकांना पाणी म्हणून ओळखूच येत नाही. म्हणून पहाटे पिंजऱ्यातले दिवे लागायच्या आधी आणि रात्री दिवे मालवल्यावर दोन-तीन मिनिटं पानांवर बारीक फवारा मारा. दुपारी थेंबथेंब गळणारं भांडं वर ठेवा. आणि मधल्या वेळात पानं वाळू द्या. दिवसभर ओलं, कोंदट ठेवलं तर फुप्फुसाचा संसर्ग होतो.

रंगाचं एक सांगतो, कारण दर वेळी विचारलं जातं. तो पाठीमागचा पडदा बघून रंग बदलत नाही. 2015 साली जिनिव्हाच्या संशोधकांनी दाखवलं की त्वचेच्या पेशींमधल्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदलतं आणि रंग पालटतो. त्यामागे असतो राग, भीती, मादी दिसणं, ऊन-थंडी. ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ असं आपण लबाड माणसाला म्हणतो. हा बिचारा तर मनातलं अंगावर दाखवतो!

दहाच मिनिटं उरली म्हणतात. तर घर. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असेल, शॅमेलिऑनची धाव वर असते. जाळीचा, उभा पिंजरा घ्या; मोठ्या येमेनीला 60 बाय 60 बाय 120 सेंटिमीटर. आत दाट झाडोरा हवा, लपता आलं पाहिजे. एका पिंजऱ्यात एकच. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी तो शत्रू समजून झुरतो. ऊन खायची जागा येमेनीला साधारण 30 अंश आणि रात्री गारवा. यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब हवीच, खिडकीच्या काचेतून ते किरण येत नाहीत. ट्यूब पेटलेली दिसते, पण किरण हळूहळू ओसरतात, म्हणून वर्षभरात बदला. ते किरण नसले की अंगात डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम लागू पडत नाही, हाडं मऊ होतात, पाय वाकतात.

खाणं. पैदाशीचे रातकिडे, झुरळं. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद किडा नको. किड्यांना आदल्या दिवशी पालेभाज्या खाऊ घाला, देताना कॅल्शियमची पूड लावा. मोठ्याला एक दिवसाआड पुरे. उरलेले रातकिडे संध्याकाळी काढून घ्या, ते झोपलेल्या शॅमेलिऑनला कुरतडतात. काजवे कधीच नकोत, विषारी असतात. बाहेर पकडलेले किडे नकोत, अंगावर कीटकनाशक असू शकतं. मादी असेल तर नराशिवायही अंडी धरते. तिला खणायला 30 सेंटिमीटर खोल ओलसर वाळू द्या, नाहीतर अंडी पोटात अडकून जीव जातो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

आणि ताई, तुमच्या फोटोतले डोळे मला खोल गेलेले वाटले. आज घरी गेल्यावर पानांवर सावकाश फवारा मारा, तोंडात पाणी घालायला जाऊ नका. उद्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. जाताना आजची लघवी कागदात गुंडाळून सोबत घ्या.