कोपऱ्यातली सही

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढी एकादशी जवळ आली की आपल्या मोबाइलवर विठ्ठलाची चित्रे येऊ लागतात. शिवजयंतीला शिवाजी महाराजांची येतात, भाद्रपदात गणपतीची येतात, आणि ती आपण मनापासून पाहतो, स्टेटसला ठेवतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर पुढे पाठवतो. यांतली कितीतरी चित्रे आज कागदाऐवजी टॅब्लेटच्या पडद्यावर रंगवलेली असतात. ती कोणी रंगवली हे मात्र पाठवणाऱ्याला ठाऊक नसते आणि पाहणाऱ्यालाही नसते. मी डिजिटल चित्रकार आहे, याच कामावर माझा चरितार्थ चालतो, आणि समाजमाध्यमांवर चित्रे ठेवताना आमच्या वाट्याला जे येते त्याविषयी आज मला बोलायचे आहे. लाइक कमी मिळतात याचे मला फारसे दुःख नाही. चित्र हजारो लोकांपर्यंत जाते आणि वाटेत कुठेतरी त्यावरचे चित्रकाराचे नाव गळून पडते, याचे मात्र आहे.

डिजिटल चित्र म्हणजे संगणकाने आपोआप काढलेले चित्र, असा समज अजूनही पुष्कळांचा असतो, म्हणून आधी थोडे कामाविषयी सांगते. स्टायलसवर, म्हणजे टॅब्लेटवर चित्र काढायच्या पेनावर, हाताचा दाब जसा पडेल तशी रेघ जाड किंवा बारीक उमटते. रंग नजरेने जुळवावा लागतो, आणि बिघडलेले बोट किंवा बिघडलेला डोळा हातानेच पुन्हा काढावा लागतो. विठ्ठलाचा सावळा रंगच घ्या. नुसता काळा भरला तर मूर्ती सपाट दिसते. त्यामुळे तळाला गडद निळा, त्यावर जांभळ्याची पातळ झाक, गालांवर आणि कटीवरच्या हातांवर समईचा किंचित तांबूस उजेड, असे थरावर थर, आमच्या भाषेत लेअर, चढवत जावे लागते. अंधारातले हे बारीक फरक साधण्यातच त्या चित्राचा बहुतेक वेळ जातो.

आणि चित्र अपलोड केल्याबरोबर सर्वांत आधी जातात ते नेमके हेच फरक. माझी मूळ फाइल चार-पाच हजार पिक्सेल रुंद असते. इन्स्टाग्रामवर वर्षानुवर्षे चित्राची रुंदी 1080 पिक्सेलपर्यंत खाली आणली जात आली आहे. त्यानंतर जेपीईजी पद्धतीने फाइल दाबली जाते, म्हणजे चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनातला जो तपशील डोळ्याला सहसा जाणवत नाही असे गणित सांगते, तो टाकून दिला जातो. रंगांची माहिती तर उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षाही विरळ ठेवली जाते. भर उन्हात काढलेल्या फोटोत हे सहज खपून जाते. पण गडद रंगाच्या सलग उतरत जाणाऱ्या छटांत पट्टे उमटतात, चौकोन दिसू लागतात, लाल रेघांच्या कडा फिसकटतात. मग कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, तिथून दुसरा कुणी तो जतन करून आणखी कुठे चढवतो, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढत जावे तसा विठ्ठलाचा चेहरा दर खेपेला थोडा पुसट होत जातो.

रंगांचे हे नुकसान तरी डोळ्यांना दिसते. दुसरे एक नुकसान दिसतही नाही. प्रत्येक डिजिटल चित्राच्या फाइलमध्ये चित्राबरोबर थोडी लिखित माहिती ठेवता येते: निर्मात्याचे नाव, हक्काची नोंद, संपर्क. वृत्तपत्रांच्या छायाचित्रांसाठी ही व्यवस्था अनेक वर्षांपासून रूढ आहे आणि आमच्यापैकी बरेच जण आपले नाव त्या रकान्यात आवर्जून भरतात. परंतु अनेक समाजमाध्यमे फाइल स्वीकारताना ही माहिती पुसून टाकतात किंवा पाहणाऱ्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. त्यामागे एक रास्त कारण आहे, ते सांगितलेच पाहिजे. मोबाइलने काढलेल्या फोटोत तो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात, आणि ते परक्याच्या हाती पडणे धोक्याचे असते. ती नोंद काढून टाकावी, यात दुमत नाही. पण जागेचा रकाना आणि नावाचा रकाना वेगळे असतात. एक पुसून दुसरा राखणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही, आणि तरीही ते केले जात नाही, याचा मला खरा राग आहे.

मग उरते ती चित्राच्या कोपऱ्यातली सही. आपल्याकडे या सहीला मान होता. चित्रकार दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ अंक सुरू केला. त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना चित्राबरोबर ती सहीही आठवत असेल. त्या छपाईतही रंग थोडे इकडेतिकडे होत असतील, पण चित्र कुणाचे याविषयी वाचकाला शंका नसे, कारण सही कापून चित्र छापावे असे संपादकाच्या मनातही येत नसे. आज चित्राची चौकट आमच्या हाती नाही. इन्स्टाग्राम 2010 मध्ये आले तेव्हा सगळी चित्रे चौरस करावी लागत. 2015 मध्ये उभ्या-आडव्या चित्रांना मुभा मिळाली. 2025 च्या जानेवारीत प्रोफाइलवरचे चौरस चौकोन उभे करण्यात आले आणि वर्षानुवर्षे चौरसाच्या हिशेबाने मांडलेली आमची चित्रे एका रात्रीत बाजूंनी कापलेली दिसू लागली. कोपऱ्यातली सही सर्वांत आधी कापली जाते. सही चित्राच्या मध्यावर आणावी, तर चित्र विद्रूप होते. विठ्ठलाच्या छातीवर आडवा वॉटरमार्क, म्हणजे नावाचा फिकट ठसा, टाकायला माझा हात धजत नाही, आणि ज्यांना टाकावा लागतो त्यांनाही ते आवडत नसते.

वारीच्या दिवसांत एका गावातून जाताना, एका मंडळाच्या फ्लेक्सवर मी काढलेला विठ्ठल मला दिसला. फ्लेक्स दहा फूट रुंद होता. 1080 पिक्सेलचे चित्र दहा फुटांवर ताणले म्हणजे एका इंचाला जेमतेम नऊ पिक्सेल येतात. लांबून ते निभावते, पण जवळ गेल्यावर डोळ्यांच्या जागी करड्या ठोकळ्यांची रांग होती. सही होती त्या कोपऱ्यात शुभेच्छुकांचे गोल फोटो ओळीने लावले होते. मंडळाची मुले वारकऱ्यांना चहा देत होती, मलाही त्यांनी आग्रहाने दिला. चित्र माझे आहे असे सांगितले तेव्हा त्यांतला एक जण चटकन म्हणाला, “ताई, आम्हाला ते ग्रुपवर आलं होतं. कुणाचं आहे कुणालाच माहीत नव्हतं. फ्लेक्सवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, गूगलवरचं आहे, चालतं.” त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. नाव त्याच्यापर्यंत आलेच नव्हते, तर त्याने ते छापायचे कुठून? त्या मुलांवर मला रागावता आले नाही, आणि आजही येत नाही.

समाजमाध्यमे चालतात ती माणसाने पडद्यापुढे जास्तीत जास्त वेळ बसावे या हिशेबावर. इन्स्टाग्रामने 2016 मध्ये वेळेच्या क्रमाने पोस्ट दाखवणे बंद करून, कोणाला काय दाखवायचे हे अल्गोरिदमवर सोपवले. 2020 च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इथे इन्स्टाग्रामचे रील्स, म्हणजे छोटे व्हिडिओ, आले. पुढच्याच वर्षी इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनी, आम्ही आता केवळ फोटो दाखवणारे अ‍ॅप राहिलेलो नाही, असे जाहीरपणे सांगितले. स्थिर चित्राची पीछेहाट झाली ती तेव्हापासून. आता चित्रापेक्षा चित्र काढतानाचा व्हिडिओ जास्त लोकांपुढे जातो, म्हणून हातावर कॅमेरा रोखून, गाणे जोडून, सुरुवातीच्या काही क्षणांत पाहणाऱ्याला धरून ठेवण्याची धडपड करावी लागते. ज्यांना हे आवडते त्यांनी अवश्य करावे. पण रंगवण्याचा वेळ कापून तो चित्रणाला द्यावा लागतो, याची झळ चित्राला लागतेच.

खास चित्रकारांसाठी काढलेल्या जागा, म्हणजे संकेतस्थळे, होत्या आणि आहेत. डेव्हियंटआर्ट 2000 सालचे. तिथे एकमेकांच्या चित्राखाली सविस्तर लिहिण्याची रीत होती आणि जगभरचे कितीतरी चित्रकार तिथे शिकले. आर्टस्टेशन 2014 पासून आहे. या जागांची मालकी मात्र बदलत राहिली, पहिली 2017 मध्ये विक्स या कंपनीकडे गेली, दुसरी 2021 मध्ये एपिक गेम्स या कंपनीकडे, आणि नव्या मालकाबरोबर नियमही बदलतात. जागा सोडायची म्हटले तर चित्रे नेता येतात, पण जमवलेले रसिक बरोबर नेता येत नाहीत.

नावाची सर्वांत वेदनादायक कथा 2022 नंतरची आहे. त्या वर्षी पाच अब्जांहून अधिक चित्रांचे दुवे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर असलेला लायन-5बी हा संच जाहीर झाला, आणि ऑगस्टमध्ये त्यातल्या चित्रांवरून शिकवलेले स्टेबल डिफ्यूजन हे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र बनवणारे साधन सर्वांसाठी खुले झाले. उघड्या इंटरनेटवरून गोळा झालेल्या या साठ्यात चित्रकारांचे कामही होते. कुणाची परवानगी घेतली गेली नव्हती. ग्रेग रुत्कोव्स्की या पोलिश चित्रकाराचे नाव हजारो लोक आपल्या वर्णनात लिहू लागले, कारण ते लिहिले की त्याच्या धाटणीचे चित्र मिळे. शोध घेताना त्याच्या स्वतःच्या चित्रांमध्ये त्याने न काढलेली चित्रे मिसळू लागली. आमच्या चित्रांवरून नाव पुसले जाते. त्याचे नाव शिल्लक राहिले, पण चित्रांशी त्याचा असलेला संबंध तोडून. 2022 च्या डिसेंबरमध्ये आर्टस्टेशनवरच्या चित्रकारांनी निषेधाच्या एकाच चित्राने पाने भरून टाकली, आणि 2023 च्या जानेवारीत तीन चित्रकारांनी अमेरिकेच्या न्यायालयात अशा साधनांच्या कंपन्यांविरुद्ध दावा लावला. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ग्लेझ नावाचे साधन तयार करून मोफत दिले आहे. चित्रात डोळ्याला फारसे न जाणवणारे बदल करून ते शैलीची नक्कल अवघड करते. त्याचा उपयोग आहे, परंतु सपाट रंगांच्या चित्रांवर त्याची खरखर दिसते, आणि स्वतःचे चित्र लोकांपुढे ठेवण्यासाठी ते आधी स्वतःच्या हाताने थोडे बिघडवावे लागणे हे मला आजही पटलेले नाही.

आपला कायदा या बाबतीत चित्रकाराच्या बाजूने आहे. 1957 च्या प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, कायद्यानुसार चित्र तयार होताच त्याचा हक्क निर्माण होतो, नोंदणीची अट नाही, आणि तो चित्रकाराच्या हयातीत व नंतर 60 वर्षे टिकतो. त्याच कायद्याचे कलम 57 याहून महत्त्वाचे आहे. हक्क विकल्यानंतरही, ही कृती माझी आहे असे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार ते कलाकाराकडे ठेवते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प काढून, मोडून ठेवल्याबद्दल अमरनाथ सहगल या शिल्पकाराने सरकारविरुद्ध दावा केला होता; 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन शिल्पाचे अवशेष आणि 5 लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला.

इंटरनेटवरच्या चोरीसाठी 2013 च्या प्रताधिकार नियमांत सोय आहे. लेखी तक्रार मिळाली आणि तिची खातरजमा झाली की समाजमाध्यमाने 36 तासांच्या आत ती पोस्ट बंद करायची; मात्र तक्रारदाराने 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा सुरू करण्याची मुभा समाजमाध्यमाला आहे. एका टी-शर्टवर किंवा मोबाइलच्या कव्हरवर छापलेल्या चित्रासाठी कोणता चित्रकार 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणू शकेल? शिवाय काही ठिकाणी तक्रारीत दिलेले नाव आणि ईमेल ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही कळवले जाते, त्यामुळे नव्याने काम करणाऱ्या अनेक मुली तक्रार करायलाच कचरतात. मी त्यांना दोष देत नाही.

म्हणून माझी मागणी आधी कंपन्यांकडे आहे. फाइलमधले निर्मात्याचे नाव राखा, ते चित्राखाली दाखवा, आणि कुणी चित्र जतन केले तर ते बरोबर जाऊ द्या. चित्राच्या उगमाची नोंद फाइलशी घट्ट बांधून ठेवणारी खुली पद्धत काही बड्या कंपन्यांनीच 2021 पासून एकत्र येऊन तयार केली आहे. ती सगळीकडे लागू करण्यासाठी नवा शोध लागायला नको, इच्छा हवी.

आणि आपल्याकडे, श्रोतेहो, एवढेच मागणे आहे की चित्र आवडले तर स्क्रीनशॉटऐवजी मूळ पोस्टचा दुवा पाठवावा. मंडळांच्या कार्यकर्त्यांना मी आणखी एक सांगेन. फ्लेक्सच्या मापाला पुरेल अशी फाइल चित्रकाराकडेच असते. ती त्याच्याकडे मागावी, जमेल ते मानधन ठरवावे, आणि शुभेच्छुकांच्या फोटोंच्या वर एका ओळीत ‘चित्र’ असे लिहून त्याचे नाव छापावे. फ्लेक्स छपाईला जाण्याच्या चार दिवस आधी फोन आला, तर आवश्यक त्या मापाची फाइल तयार करून द्यायला आमच्यापैकी बहुतेक जण आनंदाने बसतील.

नमस्कार.